कागदासाठी एक, माणसासाठी एक

गुरुनाथ वैरागडेला कुठलीही वस्तू नुसती विकत घेता येत नसे. प्रेशर कुकर घ्यायचा असला तरी चार कंपन्यांचे कुकर तो आधी कागदावर एकमेकांशी भांडवत ठेवी. नागपूरच्या महालात वाढलेला, संख्याशास्त्र शिकलेला हा माणूस अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या एका औषध कंपनीत कामाला होता. खरी गोळी घेतलेले रोगी आणि साखरेची गोळी घेतलेले रोगी यांच्यात खरोखर काही फरक पडला का, हे आकड्यांतून शोधून काढायचं, हे त्याचं काम. तीच सवय घरी आली होती. मराठी मंडळातली माणसं गाडी घेण्याआधी त्याला फोन करत, आणि त्याची बायको सुचित्रा फोन त्याच्या हातात देऊन आपल्या कामाला लागे, कारण हे बोलणं लवकर संपायचं नाही हे तिला ठाऊक असे.

अशा माणसाने पिस्तूल घेतलं, याचं सगळ्यांना नवल वाटलं. सगळ्यात जास्त त्याचं त्यालाच.

सुरुवात झाली ती सुलेखामुळे. २००६च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांची घरं दिवसाढवळ्या फुटत होती. भारतीय घरात सोनं असतं हे कुणीतरी कुणाला सांगितलं असावं. मंडळातली त्यांची मैत्रीण सुलेखा एके दिवशी अंग मोडून आलं म्हणून ऑफिसातून लवकर घरी आली होती आणि वर झोपली होती. खाली काच फुटल्याचा आवाज झाला तेव्हा ती कपड्यांच्या क्लोजेटमध्ये जाऊन साड्यांच्या मागे उभी राहिली. दोन माणसं घरभर फिरत होती, अगदी सावकाश, आपल्याच घरात फिरावं तशी. एक जण तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होता.

चहा घेताना सुलेखाने हे शांतपणे सांगितलं. मग म्हणाली, "त्याने क्लोजेटचं दार उघडलं. माझ्याकडे बघितलं. टांगलेल्या कपड्यांकडे बघतात ना, तसं. आणि हळूच दार लावून घेतलं."

सोनं गेलंच. पोलीस आले, पंचनामा झाला. पण गुरुनाथच्या डोक्यात ते दार हळूच लागल्याचा आवाज जाऊन बसला. त्याला वाटलं, त्या माणसाने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

ऑफिसात त्याच्या शेजारी वेन नावाचा गृहस्थ बसे. जॉन्स्टन काउंटीतला शेतकऱ्याचा मुलगा, बोलायला मवाळ, दर शनिवारी पिस्तुलाच्या रेंजवर जाणारा. गुरुनाथने त्याला विचारलं आणि वेन त्याला घेऊन गेला. गावाबाहेर एक बसकी, बिनखिडक्यांची इमारत. आत कानांवर जाडजूड कप, डोळ्यांवर चष्मा, आणि तारेवरून सरकत दूर जाणारा कागदी माणूस. पहिल्या गोळीला गुरुनाथचे दात वाजले. दहाव्या गोळीपर्यंत त्याच्या लक्षात आलं की आपल्याला हे आवडतंय, आणि ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही.

मग तुलना सुरू झाली. पिस्तूल नव्हे, काडतुसं; कारण वेनचं म्हणणं असं की पिस्तूल म्हणजे नुसती मूठ, खरं काम काडतुसाचं. नऊ मिलिमीटरचं हलकं, धक्का कमी, मुठीतल्या काडतुसांच्या डबीत, मॅगझिनमध्ये, जास्त मावतात. इंचाच्या मापातलं पॉइंट चाळीसचं जोरकस, पण मनगटाला झटका देतं आणि दुसरी गोळी भलतीकडे जाते. पॉइंट पंचेचाळीसचं जाडजूड, संथ, जुन्या लोकांचं लाडकं. गुरुनाथने तिन्ही भाड्याच्या पिस्तुलांतून झाडून पाहिली, कागदावरची भोकं मोजपट्टीने तपासली, आणि नऊवर थांबला. आपल्या हातातून जी गोळी नेमकी जाते तीच मोठी, असं त्याने वेनला सांगितलं. वेनला ते पटलं.

पण नऊमध्येही दोन जाती. एक गुळगुळीत गोल डोक्याची, तांब्याने पूर्ण मढवलेली. ती रेंजवर रोज झाडायची. दुसरीच्या डोक्याला खळगा, जणू आ वासलेला. ती अंगात शिरली की फुलते, रुंद होते आणि आतच थांबते. ही जवळ बाळगायची. दुकानातल्या माणसाने काउंटरवरच्या बशीतून एक फुललेली गोळी उचलून गुरुनाथच्या तळहातावर ठेवली. मांसाइतक्या घट्ट बनवलेल्या जेलीच्या ठोकळ्यात झाडून बाहेर काढलेली. तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या, कडा धारदार.

"एक कागदासाठी, एक माणसासाठी," वेन म्हणाला. "कागदाला फरक पडत नाही."

ते शब्द त्याने सहज उच्चारले, पण गाडीत बसल्यावरही गुरुनाथला तळहातावर त्या पाकळ्या टोचत होत्या.

नागरिकत्व मिळून त्याला दोन वर्षं झाली होती, त्यामुळे परवान्याला अडचण आली नाही. शेरिफच्या ऑफिसात बोटांचे ठसे दिले, एक दिवसाचा वर्ग केला, परीक्षेत कागदी माणसाच्या छातीत सगळ्या गोळ्या बसवल्या. सुचित्रा आठवडाभर नीट बोलली नाही. खाली देवघर आणि वर बंदूक, हे तिला सहन होत नव्हतं. शेवटी वरच्या मागच्या खोलीत लोखंडी तिजोरी बसवायची, आणि मुलीला, रुहीला, त्यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी तोड निघाली. रुही दहा वर्षांची होती आणि तिची खोली त्याच खोलीला लागून होती.

ऑक्टोबरात तो माणूस दिसायला लागला.

दर बुधवारी गुरुनाथ घरून काम करी. एकदा दुपारी चहाचा कप घेऊन तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा होता. त्यांच्या मागच्या अंगणापलीकडे पाइनची दाट झाडी होती, आणि झाडीतून लोकांना फिरायला केलेली एक वाट जात होती. त्या वाटेपासून जरा आत, दोन खोडांच्या मधे, तपकिरी कोट घातलेला एक माणूस उभा होता आणि घराकडे बघत होता. हातात कुत्र्याची दोरी नाही, कानाला फोन नाही. नुसता उभा. मान किंचित वर केलेली. गुरुनाथ दार उघडून बाहेर आला तोवर तिथे फक्त खोडं होती.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा होता. त्याच्या पुढच्याही. सुचित्रा घरी असली की मात्र कधी दिसायचा नाही. पोलिसाला बोलावलं तर त्याने सौजन्याने सगळी झाडी पाहिली आणि वाट सगळ्यांची आहे, तिथे उभं राहणं हा काही गुन्हा नाही, असं सांगून तो गेला. गुरुनाथला सुलेखाच्या क्लोजेटचं दार आठवलं. घाई नसलेली माणसं.

त्यानंतर तो घरातही पिस्तूल बाळगू लागला. ऑफिसात बंदी, म्हणून तिथे जाताना ते तिजोरीत. घरी आला की वरच्या खोलीत जायचं, दार लावायचं, खिडकीकडे तोंड करून पिस्तूल भरायचं आणि कमरेला स्वेटरखाली लावायचं. मग तिथेच उभं राहून हात कमरेवर नेण्याचा सराव करायचा, पुन्हा पुन्हा. झोपण्याआधी ते रिकामं करून तिजोरीत. सुचित्रा विचारायची, वर इतका वेळ काय करतोस. तो ई-मेल म्हणायचा.

एके दिवशी त्याला दिसलं की रोज नळीत चढणारं वरचं काडतूस बाकीच्यांपेक्षा बुटकं झालंय. त्याने ते त्याच्या भावंडांशेजारी टेबलावर उभं केलं. शंकाच नको. गोळी काडतुसाच्या पितळी कवचात आत गेली होती. वेनने ते बघून तोंड वाकडं केलं. रोज तेच काडतूस चढवलं-उतरवलं की दर वेळी त्याचं नाक आपटतं आणि गोळी थोडी थोडी मागे ढकलली जाते. असं काडतूस झाडलं तर आतला दाब भलताच वाढतो, पिस्तूल हातातच फुटू शकतं. ते वेगळं काढून ठेव, असं त्याने बजावलं. गुरुनाथने ते वेगळं काढलं आणि दुसरं वर ठेवलं. दोन आठवड्यांत तेही आत जाऊ लागलं. कुणी दिसत नाही तरी दार ढकलतंय, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि स्वतःच्याच विचाराचा त्याला राग आला.

मग प्रश्न भिंतींचा आला. इथली घरं म्हणजे लाकडी सांगाडा आणि दोन्ही अंगांना जिप्समचे पातळ बोर्ड. मुठीने मारलं तरी भोक पडतं. जवळ बाळगायचं काडतूस भिंतीत थांबतं का? दुकानदार थांबतं म्हणाला होता. गुरुनाथला कुणाच्या म्हणण्यावर जायची सवय नव्हती. एका शनिवारी वेनच्या शेतावर त्यांनी जिप्समचे बोर्ड जोडीजोडीने उभे केले, घरातल्या भिंतींसारखे, मधे खोलीएवढं अंतर सोडून. मागे लाल मातीचा उंच बांध होता.

आधी रेंजची गोळी. ती सगळ्या भिंतींतून आरपार जाऊन बांधात रुतली. ते अपेक्षितच होतं. मग खळग्याची. तीही आरपार गेली. त्याने पुन्हा झाडली, पुन्हा तेच. बांधातून खोदून काढल्यावर कारण कळलं. पहिल्याच भिंतीचा पांढरा भुगा त्या खळग्यात गच्च बसला होता, आणि तोंड बंद झालेली गोळी फुलायचं विसरून सरळ पुढे गेली होती. गुरुनाथने ती नखाने कोरून पाहिली. तोंडात पीठ कोंबलेल्या माणसासारखी ती दिसत होती.

"म्हणून आधी बघायचं," वेन म्हणाला, "की त्याच्या मागे कोण आहे."

घरी आल्यावर गुरुनाथ वरच्या खोलीत गेला आणि रुहीच्या बाजूच्या भिंतीवर त्याने हात ठेवला. पलीकडे ती कुठलंसं गाणं म्हणत होती. भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी त्याने तिचा पलंग लांबच्या भिंतीशी सरकवला. "Why?" तिने विचारलं. उजेड चांगला येतो, असं तो म्हणाला. त्या भिंतीला खिडकीच नव्हती.

डिसेंबरच्या एका बुधवारी सकाळपासून धुकं होतं आणि दुपारी बर्फाळ पाऊस येणार अशी बातमी होती. पाइनची टोकं दिसत नव्हती, बुंधे तेवढे दिसत होते. चहा ठेवायला गुरुनाथ खाली आला आणि खिडकीतून त्याने पाहिलं. माणूस उभा होता. कोट तोच. मान तशीच वर.

या वेळी तो मागच्या दाराने गेला नाही. पुढच्या दाराने निघाला, दोन घरं ओलांडून वाटेवर आला आणि झाडीतून मागच्या बाजूने चालत राहिला. ओल्या पाइनच्या काड्यांवर पायांचा आवाज होत नव्हता. तपकिरी पाठ जवळ येत गेली. वर्गात शिकवलेलं सगळं त्याला आठवत होतं, आणि त्याचा हात आपणहून स्वेटरखाली गेला होता. तो हाक मारणार, तेवढ्यात त्या माणसाने मागे न बघताच मराठीत विचारलं,

"आलात का?"

गुरुनाथ थांबला. माणूस सावकाश वळला. सत्तरीचा असेल. कानटोपी, चष्म्यावर दव, अंगात मापापेक्षा मोठा कोट, बहुधा दुसऱ्या कुणाचा. तो म्हणाला की मी श्रीराम, आसावरीचा बाबा, झाडीपलीकडच्या रस्त्यावर राहायला आलेल्या आसावरीचा. साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलो. घरात दिवसभर कुणी नसतं, गाडी चालवता येत नाही, म्हणून इथवर फिरायला येतो.

गुरुनाथला आठवलं. मंडळाच्या गणपतीत आसावरी भेटली होती, बाबा येणार म्हणाली होती. आपण पिस्तुलावर हात ठेवून कुणाच्या पाठीमागे आलो, हे त्याच्या ध्यानात येत होतं, पण एकदम नाही, हळूहळू, हातापायांना मुंग्या येतात तसं.

"काका, पण तुम्ही दर बुधवारी माझ्या घराकडे का बघता?"

"मी आधी हात करायचो," काका म्हणाले. "तुम्ही कधी उत्तर दिलं नाहीत. वरच्या खिडकीतून नुसते बघत उभे असता. मला वाटलं, माझ्यासारखाच कुणीतरी आहे, एकटा. म्हणून जरा थांबायचो."

गुरुनाथने सांगितलं की मी फक्त बुधवारी घरी असतो, आणि दुपारी वर नसतोच, खाली असतो.

काकांनी चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा घातला आणि घराकडे पाहिलं. "बुधवारी नाही हो. रोज. आणि आत्ता तुम्ही इथे आहात ना," ते म्हणाले. "मग तो कोण?"

गुरुनाथने वर पाहिलं. धुक्यात घराची मागची बाजू करडी दिसत होती. वरच्या खिडकीत पडदा होता. पडद्याच्या कडेला काहीतरी जास्तीचं होतं, खांद्याएवढ्या उंचीचं. मग फक्त पडदा होता.

"असाच उभा असतो," काका म्हणाले. "हात असा कमरेवर. आत्ता तुमचा आहे तसा."

गुरुनाथला स्वतःचा हात दिसला. मूठ अजून पिस्तुलावर होती.

काकांना त्याने घरी जायला सांगितलं आणि तो अंगणातून पळत निघाला. सुचित्रा ऑफिसात, रुही शाळेत. म्हणजे आत जो कुणी असेल तो परकाच, हे त्याच्यापुरतं सिद्ध झालेलं होतं. पिस्तूल हातात घेऊन तो जिना चढला. वरच्या खोलीचं दार बंद होतं. त्याने ते उघडं ठेवलं होतं की लावलं होतं, काही केल्या आठवेना. आत लाकडी जमीन करकरली. एकदा इकडे, एकदा तिकडे. कुणीतरी सावकाश येरझारा घालत होतं.

त्याने पिस्तूल दाराच्या मध्यावर धरलं. एवढ्या जवळून चुकायचा प्रश्नच नव्हता. बोट चापावर गेलं. आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, त्याच्या डोळ्यांपुढे ती पांढऱ्या भुग्याने तोंड गच्च झालेली गोळी आली. दार, मग हवा, मग भिंत.

"कोण आहे?" त्याने मराठीतच विचारलं.

येरझारा थांबल्या. उत्तर आलं ते भिंतीपलीकडून, रुहीच्या खोलीतून.

"Baba?"

बर्फाच्या भीतीने शाळा लवकर सोडली होती. शाळेचा निरोप फोनवर येऊन पडला होता, त्याने तो ऐकलाच नव्हता. तो झाडीत असताना गराजच्या दारावरचा नंबर दाबून ती आत आली होती आणि पांघरूण घेऊन पुस्तक वाचत पडली होती. उजेडासाठी पलंग तिने मागेच, स्वतःच ढकलत पुन्हा जुन्या जागी, मधल्या भिंतीशी, आणला होता.

गुरुनाथने पिस्तूल खाली केलं. रुही दार उघडून बाहेर यायच्या आत त्याने ते स्वेटरखाली सारलं. ती त्याच्याकडे आणि बंद दाराकडे आळीपाळीने बघू लागली.

"But you were in there," ती म्हणाली. "I heard you. You've been walking and walking."

त्याने दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. तिजोरी बंद, खिडकी बंद, पडदा स्थिर. गालिचा नसलेली जमीन, आणि खिडकीसमोर, तो रोज उभा राहायचा तिथे, लाकडाचं पॉलिश उडून दोन पावलांएवढे फिकट डाग पडलेले. इतक्या थोड्या दिवसांत लाकूड इतकं झिजतं का, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी त्याने सुचित्राला सगळं सांगितलं. झाडीतला माणूस, काका, दार, बोट कुठे होतं तेही. मग तिने फक्त एवढंच विचारलं, "उद्या सकाळपर्यंत हे घराबाहेर जाईल ना?"

गेलं. वेनने रीतसर कागद करून पिस्तूल स्वतःकडे घेतलं आणि का म्हणून विचारलं नाही. बाळगायची काडतुसं त्यांनी वेनच्या शेतावर बांधात झाडून टाकली. बुटकी झालेली तेवढी झाडली नाहीत. ती वेन रेंजच्या मालकाला देऊन आला, तो असली काडतुसं नष्ट करतो म्हणे. पुढे गुरुनाथ अधूनमधून वेनबरोबर रेंजवर जाई, भाड्याचं पिस्तूल घेई, गोल डोक्याच्या गोळ्या कागदात मारी आणि हात धुऊन घरी येई. सुचित्राची त्याला हरकत नव्हती.

हिवाळाभर बुधवारी दुपारी श्रीरामकाका चहाला येऊ लागले. साताऱ्यात ते वनखात्यात होते. पाइनच्या झाडाला इथे कुणी हात लावत नाही याचं त्यांना फार कौतुक. खिडकीतल्या माणसाबद्दल ते आपणहून कधी बोलले नाहीत. परत निघायच्या आधी गुरुनाथनेच विचारलं, अजून दिसतो का.

"दिसतो," काका म्हणाले. "पण आता हात खाली असतात."

२००७च्या मे महिन्यात एका दुपारी सुचित्राचा ऑफिसात फोन आला. ती डेंटिस्टकडून परस्पर घरी आली होती. तिने विचारलं, गाडी दिसत नाही, पण तू वर आहेस ना? गुरुनाथ आपल्या टेबलाशी, आकड्यांच्या पडद्यासमोर बसला होता. शेजारी वेन सँडविच खात होता. गुरुनाथने क्षणभर डोळे मिटले आणि सांगितलं की नाही, मी इथे आहे, तू बाहेर पायरीवर बस, मी येतोच.

तो पोचला तेव्हा ती खरंच पायरीवर बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. त्याच्या हातात काही नव्हतं. जिना चढताना उजवा हात एकदा कमरेकडे गेला आणि शर्टावरून घसरून खाली आला. मागून सुचित्रा चढत होती, त्याचा डावा हात धरून. त्याने दार ढकललं, आणि आपल्याकडे दारात कुणी आलं तर म्हणतात तसं, आवाज न चढवता म्हणाला, "बसा."

खोलीत ऊन होतं. कुणीच नव्हतं. दोघं तिथेच जमिनीवर बसली, रुहीची बस येईपर्यंत.

पुढे त्यांनी त्या खोलीत पलंग टाकला, गालिचा घातला. भारतातून येणारे पाहुणे आता तिथेच झोपतात. तक्रार कुणी केलेली नाही. गेल्या वर्षी सुचित्राची आई राहून गेली, तिने मात्र जाताना जावयाला एवढंच सांगितलं की बाबा, एवढं दिवसभर खिडकीशी उभं राहून काम करत जाऊ नकोस, पाय धरतील.